त्याला गेल नको होता, एवढंच

पत्र

ताई,

मी २७ वर्षांचा, मूळचा कराडचा, नोकरीसाठी पुण्यात. शाळेपासूनचे आम्ही तीन मित्र शनिवारी रात्री ऑनलाइन ‘बाल्डर्स गेट ३’ खेळतो. तिघे आम्ही आणि पार्टीत चौथ्या जागेवर गेल नावाचा जादूगार. मला गोष्टीवाले आरपीजीच (एखादं पात्र होऊन खेळायचे गेम) आवडतात. खरं सांगायचं तर समलिंगी विवाहाबद्दलचं माझं मतसुद्धा ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ या गेममधल्या डोरियन या समलिंगी पात्रामुळे बदललं.

मध्यंतरी कॅम्पवर गेल सचिनच्या (नाव बदललंय) पात्राला जादू शिकवत होता. सचिनने घाईत भलताच ऑप्शन दाबला आणि प्रकरण एकदम रोमँटिक झालं. आम्ही दोघे ऐकत होतो. जाम हसलो, नंतरही काही दिवस गेलला ‘वहिनी’ म्हणत होतो. सचिन भडकला. ‘प्रत्येक गेममध्ये हे कशाला घुसवतात’ इथून सुरुवात झाली आणि ‘यांना लग्नाचा हक्क कशाला हवाय’ इथपर्यंत गाडी गेली. मी त्याला सगळे मुद्दे दिले, बातम्या पाठवल्या, १९९८ च्या ‘फॉलआउट २’मध्येही असं लग्न होतं हे दाखवलं. तो म्हणतो, कोर्टानेच नाही म्हटलंय, विषय संपला. आपल्याकडे लग्न म्हणजे काय ते ठरलेलं आहे. आणि मुलांचं काय? एकदा रागात त्याने एक घाणेरडा शब्दही वापरला. तिसरा मित्र वाद सुरू झाला की माइक बंद करतो. त्याच्याबद्दल मला वेगळीच शंका येते. सचिनने आता शनिवारी यायचं बंद केलंय.

त्याला पटवून कसं देऊ? गेममुळे असं मत बदलणं बालिश आहे का? आणि असल्या मताच्या माणसाबरोबर खेळत राहावं का? शेवटचं म्हणजे, हा गेम संपला तर तिघांनी पुढे काय खेळावं?

— गोंधळलेला पॅलाडिन, पुणे

उत्तर

प्रिय पॅलाडिन,

प्रश्न चार विचारलेस, पण मी सुरुवात करते ती तू न विचारलेल्या गोष्टीपासून. ‘जाम हसलो, वहिनी म्हणत होतो’ हे तू एका ओळीत उरकलं आहेस. माझ्या मते सगळं प्रकरण त्या ओळीत आहे.

सचिनने चुकीचा ऑप्शन दाबला. त्या प्रसंगात अशी गफलत होणं साहजिक आहे. गेलमहाराज मंत्र शिकवता शिकवता कधी हळवे होतात ते कळत नाही. गेम २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा गेल फार लवकर गळ्यात पडतो अशी तक्रार पुष्कळांनी केली होती, आणि गेम बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओने त्यात दुरुस्तीही केली. तर घडलं ते एवढंच. मग त्याचे दोन मित्र हसले. कशाला हसले? एका पुरुषाने दुसऱ्याकडे प्रेमाने पाहिलं म्हणून. यापलीकडे त्यात विनोद कोणता होता, सांग. तेच गेममधल्या शॅडोहार्टने, म्हणजे एका बाईने, केलं असतं तर तुम्ही त्याची पाठ थोपटली असती. म्हणजे पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं ही टिंगल करण्याची गोष्ट आहे, हे सचिनला त्या रात्री तुम्हीच सांगितलंत. आणि थोड्याच दिवसांत तूच त्याला निकालांचे दाखले देऊन सांगायला लागलास की ही अगदी साधी, सरळ गोष्ट आहे, हिला लग्नाचा हक्क हवा. त्याने काय समजायचं?

आता त्याचं मूळ वाक्य बघ. ‘प्रत्येक गेममध्ये हे कशाला घुसवतात.’ चिडवला गेलेला, ओशाळलेला माणूस असंच काहीतरी बोलतो. त्यात लग्नाच्या हक्काचा विषय कुठे होता? मला गेल नको, हे आवडीचं बोलणं झालं आणि त्यावर त्याचा पूर्ण अधिकार आहे. दोन पुरुषांना लग्न करू देऊ नये, हे दुसऱ्याच्या आयुष्याबद्दलचं मत झालं. तो पहिलं बोलला, तू दुसरं ऐकलंस, आणि तू पाठवलेल्या प्रत्येक बातमीने तो दुसऱ्या बाजूला सरकत गेला. वादात माणसाने एकदा बाजू घेतली की ती त्याची होते. आदल्या दिवशी त्याने त्या विषयाचा विचारही केलेला नसला तरी. ते मत त्याचं आधीपासून होतंच, असंही असू शकेल. पण ते तुला माहीत नाही, कारण तू विचारलंच नाहीस.

म्हणून आधी त्याला फोन कर. खेळताना बोलता त्या डिस्कॉर्डवर नको, ग्रुपवर तर मुळीच नको. चिडवलं ते चुकलं, एवढंच बोल. त्याच फोनवर लग्नाचा विषय काढू नकोस. काढलास तर माफी हे निमित्त होतं असं त्याला वाटेल, आणि ते खरंच असेल.

आता बालिशपणाचा प्रश्न. डोरियनमुळे मत बदललं यात लाजण्यासारखं काही नाही. पण डोरियनने तुझ्यावर नेमकं काय केलं ते नीट बघ, कारण तिथेच तुझी पुढची गल्लत झाली आहे. तो गेम २०१४ चा. बायोवेअर या कंपनीत डेव्हिड गेडरने लिहिलेलं हे पात्र. टेव्हिंटर या गेममधल्या साम्राज्यातल्या बड्या घराण्यातला एकुलता एक मुलगा. घराण्याचं रक्त उत्तम राहावं म्हणून जुळवलेलं स्थळ. लग्न कर, वारस दे, बाकी तुझं काय असेल ते दाराआड ठेव, अशी व्यवस्था. तो ऐकत नाही म्हटल्यावर बाप रक्तजादू वापरून त्याचा स्वभावच बदलायचा बेत करतो. तोच बाप, ज्याने मुलाला रक्तजादू हा दुबळ्यांचा आधार आहे असं शिकवलेलं असतं. रेडक्लिफच्या खानावळीत बापलेक समोरासमोर येतात तो प्रसंग कुणी कराडात खेळो नाहीतर कॅनडात, पण मराठी घरात वाढलेल्या माणसाला त्यात परकं काही वाटत नाही. स्थळ, घराण्याचं नाव, लोक काय म्हणतील. बापाचं प्रेम खोटं नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

तोवर तू डोरियनबरोबर कितीतरी तास हिंडलेला असतोस. त्याचे टोमणे ऐकलेले असतात, त्याने तुला लढाईत वाचवलेलं असतं. त्यामुळे तो प्रसंग येतो तेव्हा ‘समलिंगी व्यक्तींचा प्रश्न’ वगैरे डोक्यात येत नाही, आपल्या माणसावर काय वेळ आली एवढंच येतं. ती ओळख होती. पण ओळख म्हणजे युक्तिवाद नव्हे, आणि ती दुसऱ्याला फॉरवर्ड करता येत नाही. तुला जिथे पोचायला साठ-सत्तर तास लागले तिथे सचिनने तीन लिंक वाचून यावं, ही अपेक्षा तू कशाच्या जोरावर धरलीस?

आणखी एक. डोरियन बायकांच्या पात्रांना नकार देतो. तू बाईचं पात्र घेऊन खेळलास तर कितीही अप्रूव्हल मिळव, तो मैत्रीच्या पुढे जात नाही. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये तसं नाही, गेल, अ‍ॅस्टेरियन, कार्लाख, शॅडोहार्ट यांपैकी जो सोबती हवा तो, तुझं पात्र स्त्री असो वा पुरुष, तुला मिळू शकतो. खेळायला ते मोकळं वाटतं आणि मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्या जगात कुणाला काही मोजावं लागत नाही. तिथे कुणाचे आईबाप स्थळं बघत नाहीत, कुणाला घर भाड्याने मिळताना अडचण येत नाही. तिथल्या प्रेमावरून इथल्या लग्नाबद्दल बोलायला लागलास की समोरचा म्हणणार, हे परीकथेतलं आहे, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. मला स्वतःला डोरियनची जात जास्त आवडते. समोरचं माणूस तुझ्यासाठी बनवलेलं नाही, त्याचा कल त्याचा आहे, हे तो नकार देऊन शिकवतो.

‘घुसवतात’ या तक्रारीतही थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला काय हरकत आहे? घुसवलेलं कळतं. नुसती यादी पुरी करायला ठेवलेलं पात्र दोन वाक्यांत ओळखू येतं. पण मग चांगलं लिहिलेलं कसं असतं तेही दाखव. बायोवेअरचाच ‘मास इफेक्ट ३’, २०१२. शटलचा पायलट स्टीव्ह कॉर्टेझ. वसाहतीवरच्या हल्ल्यात त्याचा नवरा गेलेला आहे, आणि त्याचा शेवटचा निरोप तो एकटा बसून पुन्हा पुन्हा ऐकतो. ‘माझा नवरा’ असं तो म्हणतो आणि कमांडर शेपर्ड, म्हणजे खेळणाऱ्याचं पात्र, दचकत नाही, कुणी भाषण देत नाही. बोलणं होतं ते दुःखाबद्दल. बायोवेअरचं ऑफिस एडमंटनला, आणि कॅनडात असं लग्न २००५ पासून देशभर कायदेशीर आहे. लिहिणाऱ्यांच्या शहरात ती रोजची गोष्ट होती, म्हणून ती रोजच्यासारखी लिहिली गेली असावी.

‘फॉलआउट २’चा पुरावा मात्र तू परत घे. तुझं पात्र स्त्री असो वा पुरुष, मोडोक गावातल्या खाटकाच्या मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर रात्र घालवली की बाप बंदूक घेऊन उभा राहतो आणि जबरदस्तीने लग्न लावतो. मग ते जोडीदार लढाईत कसल्याही कामाचं नसतं आणि खेळणारे त्याला कुठे टाकून द्यावं याचे मार्ग शोधत बसतात. १९९८ मध्ये, म्हणजे नेदरलँड्सने जगात पहिल्यांदा समलिंगी विवाह कायदेशीर केला त्याच्या अडीच वर्षं आधी, एका गेमने हे दाखवलं हे खरं आणि मजेदारही आहे. पण लग्नाच्या बाजूने हा दाखला? बंदुकीच्या धाकाने लावलेलं लग्न? सचिनच्या जागी मी असते तर याच मुद्द्यावर तुला आडवं केलं असतं.

आता पटवून देण्याबद्दल. समजा फोन झाला, दिवस गेले, आणि दिवाळीत कराडला भेटल्यावर त्यानेच विषय काढला. तेव्हा तुझ्याकडे सांगण्यासारखं काय असावं? मी काही वर्षं कौटुंबिक न्यायालयात वकिली केली आहे, म्हणून या भागात जरा रेंगाळते.

‘कोर्टानेच नाही म्हटलंय’ हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं खोडायला सगळ्यात अवघड. १७ ऑक्टोबर २०२३ चा सुप्रियो विरुद्ध भारत सरकार हा निकाल. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. लग्न करण्याचा असा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात शब्द घालून किंवा बदलून हा हक्क कोर्ट देऊ शकत नाही, यावर पाचही जणांचं एकमत. याच्या पुढे ते फुटले. अशा जोडप्यांच्या नात्याला सरकारने मान्यता द्यावी आणि त्यांना मिळून मूल दत्तक घेता यावं, असं सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचं म्हणणं, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांनी ते मानलं नाही. तीन विरुद्ध दोन. पण या जोडप्यांना रोजच्या व्यवहारात सोयी-सवलती नाकारल्या जातात ही अडचण बहुमतानेही नाकारली नाही. त्यासाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं ठरलं. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

हे लग्न वाईट आहे, असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही. प्रेम आणि एकत्र राहणं गुन्हा नाही, हे तर २०१८ लाच, कलम ३७७ च्या निकालात ठरलं. २०२३ मध्ये कोर्टाने म्हटलं ते हे, की हे काम संसदेचं. म्हणजे विषय संपला नाही, विषय सचिनकडे आला. तुझ्याकडे आला. मतदार आहात ना दोघे? एप्रिल २०२२ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात हा बदल सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयकांचं नशीब तुला माहीत असेल: १९७० नंतर एकाचाही कायदा झालेला नाही. पण कागदावर मसुदा आहे, आणि तो मराठी मुलखातल्या खासदाराने मांडलेला आहे, हे ‘बाहेरचं खूळ’ म्हणणाऱ्याला सांगायला उपयोगी पडतं. तैवानमध्ये २०१९ पासून, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून अशी लग्नं कायदेशीर आहेत. शेजारच्या नेपाळमध्ये २०२३ मध्ये एका जोडप्याची नोंदणी झाली. बाहेरचं असलंच तर ते कलम ३७७ होतं, १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतलं.

पण एवढं सगळं त्याच्यावर एकदम ओतू नकोस. त्याऐवजी त्याला त्याच्या स्वतःच्या पीएफचा नॉमिनेशन फॉर्म उघडायला सांग. तिथे ‘कुटुंब’ कोण ते ठरलेलं आहे: बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील. यांपैकी कुणी असताना बाहेरच्या माणसाच्या नावे केलेलं नॉमिनेशन धरत नाहीत. आता पंधरा वर्षं एकत्र राहणारे दोन पुरुष डोळ्यांसमोर आण. घराचा हप्ता दोघांनी फेडला, घर एकाच्या नावावर. तो अचानक गेला. मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने वारस आई, आई नसेल तर वडील, मग भावंडं. जोडीदार रांगेत कुठेच नाही. सोसायटीच्या कागदावर नॉमिनी असला तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र केलं असेल तरी ते भाऊ कोर्टात नेऊ शकतो, आणि नेतात. मी अशी भांडणं जवळून पाहिली आहेत, सख्ख्या नवरा-बायकोच्या बाबतीतसुद्धा. जिवंतपणीही, एकाने दुसऱ्याला वर्षात पन्नास हजारांहून अधिक रक्कम भेट दिली तर त्यावर कर. नवऱ्याने बायकोला दिली तर नाही. हा फरक काढावा म्हणून एका जोडप्याची याचिका २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आली.

त्या समितीनंतर थोडं काही हललं, तेही सांग, म्हणजे तू एकतर्फी बोलतोस असं होणार नाही. २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की अशा जोडप्याला बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला बंधन नाही. शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातले समजावं. आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेह जोडीदाराला ताब्यात मिळावा. शेवटचं वाक्य पुन्हा वाच. ज्याच्याबरोबर आयुष्य काढलं त्याचा देह मागायला सरकारी पत्राचा आधार लागतो, तोही नातेवाईक नसतील तर. सचिनला कॉर्टेझ आवडायचा असेल तर इथे आवडेल.

‘स्कायरिम’ तू खेळला असशीलच. मारा या देवीचा ताईत गळ्यात घालायचा, रिफ्टनच्या देवळात लग्न, स्त्री असो वा पुरुष. लग्नानंतर जोडीदार रोज घरचं जेवण देतो, दुकान काढतो आणि त्यातला वाटा तुला देतो. तिथे प्रेमाचं संभाषण म्हणाल तर चार ओळींचं! पण लग्न झाल्याने काय मिळतं ते त्या गेमला नेमकं कळलं आहे: घर, पैसा, आणि कुणीतरी आपलं आहे याची नोंद. सचिनशी बोलायचं ते यावर. प्रेम पवित्र आहे का, यावर तो आणि तू रात्रभर बोललात तरी कुठेही पोचणार नाही.

संस्कृतीच्या मुद्द्यावर त्याला त्याच्याच मातीतलं सांग. लग्नाची व्याख्या ठरलेली आहे म्हणतो ना? कुणाच्या काळात ठरली? सत्यशोधकांनी १८७३ मध्ये भटजीशिवाय लग्न लावलं तेव्हा ते लग्नच नव्हे म्हणणारे होते. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला एक बायको असताना दुसरी करायला बंदी झाली ती १९४६ मध्ये, घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये. त्या बंदीला आव्हान देणारा खटला मुंबई उच्च न्यायालयात १९५१ मध्ये चालला. मुलगा होणं धर्माने आवश्यक आहे, म्हणून दुसरी बायको हा धर्माचा भाग, असा युक्तिवाद तिथे झाला होता. छगला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींनी तो फेटाळला. आपल्या पणजोबांच्या पिढीला जे लग्न अगदी नेहमीचं होतं ते आज गुन्हा आहे, आणि त्याबद्दल सचिनसुद्धा तक्रार करणार नाही. शिवाय २०२३ च्या खटल्यात कोर्ट सप्तपदीच्या, म्हणजे धर्मांच्या विवाह कायद्यांच्या वाटेला गेलंच नाही. चर्चा मुख्यतः विशेष विवाह कायद्यावर, म्हणजे रजिस्ट्रारच्या टेबलावर होणाऱ्या लग्नावर झाली. कुणा गुरुजींना कुणी बोलावत नाही.

यातला एक मुद्दा मला स्वतःला सगळ्यात जास्त टोचतो. लग्नाला मान्यता नाही म्हणून समलिंगी पुरुष बिनलग्नाचे राहतात असं नाही. त्यांची लग्नं लावली जातात. डोरियनच्या बापाला जे हवं होतं तेच. त्या लग्नात दुसऱ्या बाजूला एक मुलगी असते, तिला काही सांगितलेलं नसतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी ती वकिलाकडे येऊन स्वतःचंच काय चुकलं ते विचारते. संस्कृती वाचवायची म्हणजे या मुलीचं काय करायचं, हे सचिनला विचार. खरंच विचार, टोमणा म्हणून नको. त्याला बहीण असेल तर तिचं नाव मात्र घेऊ नकोस; ते स्वस्त होतं.

मुलांचं म्हणशील तर थोडक्यात: एकटा माणूस आजही दत्तक घेऊ शकतो (एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही, एवढंच). जोडप्याला मात्र लग्नाची किमान दोन वर्षं लागतात. म्हणजे दोन बायका एकत्र राहून मूल वाढवू शकतात, कायद्याने आई एकच. ती गेली तर मूल कुणाचं? मुलांची काळजी असणाऱ्याने या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं.

हे सगळं सांगूनही तो ‘नाही पटत’ म्हणेल. म्हणू दे. गेममध्ये ओळीच्या शेजारी ‘पर्सुएशन’ (मन वळवणं) लिहिलेलं असतं, वीस बाजूंचा फासा पडतो आणि माणूस तिथल्या तिथे वळतो. तुझ्यासारखे पॅलाडिन, म्हणजे गेममधले धर्मयोद्धे, यात पटाईत. सचिन वळलाच तर तुझ्यासमोर वळणार नाही. घरी जाऊन, महिन्यांनी, बहुधा तुला न सांगता. तुला श्रेय मिळणार नाही याची तयारी असेल तरच बोल.

घाणेरड्या शब्दाचं वेगळं. त्यावर वाद नको, मुद्दे नकोत. ‘हा शब्द माझ्यासमोर नको’ एवढंच म्हणायचं, आणि त्याच आवाजात पुढचा डाव सुरू करायचा. पुन्हा आला तर त्या रात्रीपुरता खेळ बंद.

तिसऱ्या मित्राबद्दल तुला जी शंका येते ती विसरून जा. तो माइक बंद करतो त्याला शंभर कारणं असू शकतात. तुमच्या दोघांच्या आवाजाचा कंटाळा हे त्यातलं पहिलं. तो समलिंगी आहे असं तू मनात ठरवलंस की उद्या त्याच्याशी जपून बोलशील, सूचक बोलशील, ‘आम्ही तुझ्या बाजूने आहोत’ असं काहीतरी करशील, आणि तो नसेल तर बिचारा गोंधळेल, असेल तर घाबरेल. विचारायचं नाही. सुचवायचंही नाही. पण ‘वहिनी’चा विनोद त्यानेही ऐकला आहे, आणि कदाचित तुमच्याबरोबर हसलाही आहे, कारण न हसणं परवडलं नसेल. तेव्हा सचिनची माफी मागशील ती पुढच्या शनिवारी त्याच्या कानावरही एका वाक्यात जाऊ दे. कारण देऊ नकोस.

खेळत राहावं का? हो. मताच्या चाचणीत पास झालेल्यांबरोबरच खेळायचं ठरवलंस तर एकट्यालाच खेळावं लागेल, आणि एकट्याने तर तू एरवीही खेळतोसच. सोडायची वेळ वेगळी असते: तो माणसांना त्रास द्यायला लागला, कुणाचं गुपित फोडायला लागला, तर. कराडचा शाळासोबती तुझ्याशी लग्नाच्या कायद्यावर असहमत आहे, हे कारण पुरेसं नाही. उलट त्याच्या ओळखीत या बाजूने बोलणारा तूच एकटा असशील, आणि तू निघून गेलास तर त्याला उरलेलं सगळं एकाच सुरात ऐकू येईल. एक तडजोड करा. गेलला पार्टीतून काढून दुसऱ्या कुणाला घ्या, किंवा गेलचं बोलणं तू सांभाळ. सचिनला रोमान्स नको असेल तर गेम अडत नाही. तो नको म्हणाला की त्याचं कारण मागू नकोस.

पुढच्या गेमबद्दल: याच लॅरियनचा ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ घ्या. २०१७ चा आहे, चौघांपर्यंत एकत्र खेळता येतो, सेलमध्ये स्वस्त मिळतो आणि जरा जुन्या लॅपटॉपवरही चालतो. लढाया अवघड आहेत. पहिल्याच बेटावर तुम्ही एकमेकांना चुकून जाळाल. तेल सांडलेलं असताना आगीचा मंत्र टाकू नका.

— ताई